वायफाय कॅमेरा सारखा ऑफलाइन जातोय? आधी तो कधी जातो ते बघा

बडोद्यात आता जिथे जाल तिथे दारावर वायफाय कॅमेरा दिसतो. मुलं पुण्याला नाहीतर कॅनडाला, आईबाबा दांडिया बाजारात किंवा वाडीतल्या जुन्या घरात, म्हणून दारावर एक, हॉलमध्ये एक, अगाशीवर म्हणजे गच्चीवर टाकीजवळ एक. लावल्यावर आठवडाभर छान चालतो आणि मग फोन येतो की तो परत ऑफलाइन दाखवतोय. कोणीतरी येऊन रीसेटच्या भोकात पिन घालतं, परत क्यूआर कोड दाखवतं, कॅमेरा चालू होतो, आणि चार दिवसांनी परत तेच. आमच्या नातेवाइकांत आणि सोसायटीत हे कॅमेरे बघायचं काम बहुतेक माझ्याकडेच येतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते, कारण बऱ्याच घरी बिघाड कॅमेऱ्यात नसतोच.

पहिली गोष्ट, रीसेट करणं थांबवा. रीसेट केलं की कॅमेरा चालू होतो म्हणून आपल्याला वाटतं आजार गेला, पण खरं तर कॅमेरा फक्त रीस्टार्ट झालेला असतो आणि तेवढं काम प्लग काढून लावला असता तरी झालं असतं. वरून रीसेटने तुम्ही टाकलेला पासवर्ड, ठरवून दिलेला आयपी (नेटवर्कमधला त्याचा पत्ता), वेळेची सेटिंग, सगळं पुसलं जातं आणि घाईत परत भरताना लोक सोप्यात सोपा पासवर्ड टाकून मोकळे होतात. म्हणजे बिघाड तसाच राहिला आणि सुरक्षा होती तीही गेली.

त्याऐवजी कॅमेरा गेला की हात न लावता तीन गोष्टी कागदावर लिहा. किती वाजता गेला, एकटाच गेला की सगळे गेले, आणि त्याआधी घरात काय झालं होतं, म्हणजे लाइट गेली होती का, फायबरवाला येऊन गेला का, कोणी राउटर उचलून दुसरीकडे ठेवला का. थोड्या नोंदी झाल्या की वेळच तुम्हाला कारण सांगते. सगळे कॅमेरे एकदम गेले तर राउटर किंवा नेट बघायचं, एकच गेला तर त्याचा अ‍ॅडॅप्टर आणि त्याच्याजवळचा सिग्नल बघायचा. आणि फोन घरच्या वायफायवर ठेवून राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून उघडतं ते सेटिंगचं पान) जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा, त्यात कॅमेरा दिसत असेल आणि अ‍ॅपमध्ये तरी ऑफलाइन असेल तर वायफाय ठीक आहे, अडचण नेटची किंवा कंपनीच्या सर्व्हरची आहे, तिथे कॅमेऱ्याची सेटिंग बदलत बसण्यात काही अर्थ नाही.

आता रात्री जाणारा कॅमेरा. हा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो. दिवसभर चालतो, अंधार पडला की जातो, मग येतो, परत जातो. लोक म्हणतात रात्री नेट स्लो होतं. तसं नसतं. अंधार पडला की कॅमेरा आपले इन्फ्रारेड एलईडी लावतो, त्याला जास्त करंट लागतो, आणि अ‍ॅडॅप्टर जुना किंवा हलका असेल तर व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो, परत एलईडी लावतो, परत पडतो. तपासायचा सोपा मार्ग म्हणजे एका रात्रीसाठी अ‍ॅपमधून नाइट व्हिजन बंद करा. चित्र काळं येईल, येऊ द्या, पण सकाळपर्यंत कॅमेरा ऑनलाइन टिकला तर दोष पॉवरचा हे पक्कं झालं. मग अ‍ॅडॅप्टर बदला, व्होल्ट अगदी तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावाल तर कॅमेरा कायमचा गेला, हे पिनचा साइज सारखा दिसला तरी लक्षात ठेवा. घरात पडलेला जुना मोबाइल चार्जर आणि दहा फुटांची स्वस्त यूएसबी वायर हा जोड तर नकोच. ५ व्होल्टच्या बारीक वायरीत लांबीबरोबर व्होल्टेज पटकन पडतं, त्यामुळे लांब न्यायचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून कॅमेऱ्याजवळ २३० व्होल्टचा पॉइंट काढून घ्या आणि अ‍ॅडॅप्टर तिथे, पावसापासून झाकून लावा.

दुसरा प्रकार, लाइट जाऊन आली की कॅमेरा परत येत नाही. इथे होतं असं की लाइट आल्याबरोबर कॅमेरा अर्ध्या मिनिटात तयार होतो, पण फायबरचा डबा आणि राउटर उठायला दोन-तीन मिनिटं घेतात. काही कॅमेरे शांतपणे परत परत प्रयत्न करतात, काही स्वस्त कॅमेरे थोडा वेळ शोधून गप्प बसतात. उपाय कॅमेऱ्यावर नाही, राउटरवर करायचा, राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या किंवा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो लावा. आधी दोघांवरचे व्होल्ट वाचून घ्या, सगळे १२ चेच असतात असं नाही.

आणि ह्याच प्रकारात अजून एक गंमत लपलेली असते ती चॅनलची, म्हणजे वायफाय ज्या वाटेवर बोलतं तिची. राउटर बंद होऊन चालू झाला की चॅनल ऑटोवर असेल तर तो नवीन चॅनल निवडतो. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झमध्ये (वायफायचा एक पट्टा, दुसरा ५ चा) १ ते १३ चॅनल चालतात पण काही कॅमेरे अमेरिकेच्या हिशोबाने बनलेले असतात, त्यांना ११ पर्यंतच ऐकू येतं. राउटर १२ किंवा १३ वर गेला की ह्या कॅमेऱ्याला तुमचं वायफाय दिसतच नाही, आणि फोनला मात्र व्यवस्थित दिसतं, त्यामुळे सगळा संशय कॅमेऱ्यावर जातो. म्हणून राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ ह्यातला एक पक्का करून टाका, ह्या तिघांची एकमेकांशी टक्कर होत नाही, आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवली तर पोळसारख्या (जुन्या गल्लीतली खेटून असलेली घरं) दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या सगळ्या नेटवर्कशी भांडण.

दाट वस्तीचं म्हटलं तर रोज संध्याकाळी सात ते अकरा जाणारे कॅमेरे बहुतेक ह्याच कारणाने जातात. रावपुऱ्याच्या मागच्या गल्ल्यांत, मांडवीकडे, घरं भिंतीला भिंत लागून, एका खोलीत उभं राहून फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर लावला तर वीसपंचवीस नेटवर्क सहज दिसतात आणि त्यातली निम्मी एकाच चॅनलवर. ते अ‍ॅप फुकट मिळतं, कॅमेऱ्याच्या जागी फोन धरून दोन गोष्टी बघा, कुठला चॅनल रिकामा आणि आपल्या सिग्नलचा आकडा किती. आकडा उणे असतो, उणे ५० छान, उणे ६५ पर्यंत निर्धास्त, उणे ७५ च्या खाली गेला की फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालेल पण कॅमेरा टिकणार नाही, कारण कॅमेऱ्याला चोवीस तास सतत वर पाठवत राहायचं असतं आणि त्याची अँटेना फोनपेक्षा साधी असते. हा आकडा फोन खाली धरून नाही, कॅमेरा जिथे लागलाय त्याच उंचीवर, शिडीवर चढून घ्यायचा.

सिग्नल कमी असेल तर मध्ये काय आहे ते बघा. आपल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी विटांच्या भिंती, आरसीसीचा स्लॅब, पत्रा, दुकानाचं शटर, मोठा आरसा, ह्यातलं काहीही सिग्नल खातं. पाणी तर फारच, म्हणून अगाशीवरच्या टाकीच्या मागे लावलेला कॅमेरा टाकी भरली की जातो आणि रिकामी झाली की येतो, हे खरंच होतं. प्लॅस्टिकची टाकी असली तरी आतलं पाणी २.४ चा सिग्नल शोषतं. कॅमेरा टाकीच्या दोन हात बाजूला घेतला तरी फरक पडतो. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, १४ आणि १५ जानेवारीला सगळं गाव अगाशीवर असतं, शेकडो फोन, ब्लूटूथचे स्पीकर, ते सगळे त्याच पट्ट्यात, शिवाय मांजा कॅमेऱ्याच्या अँटेनात आणि वायरीत अडकतो, तेव्हा वासी उत्तरायण (दुसरा दिवस) झाल्यावर वर जाऊन अँटेना सरळ आहे ना आणि वायर ओढली गेली नाहीये ना एवढं बघून या. मांजाने कापलेली वायर लगेच बंद पडत नाही, पहिल्या पावसाला पडते.

पावसाळ्यासाठी वायर आधी खाली झोल देऊन मग भिंतीत न्या म्हणजे पाणी वायरीवरून सरकत जॉइंटमध्ये न जाता झोलाच्या टोकाला गळतं. वापरात नसलेलं लॅनचं तोंड कॅमेऱ्याच्या शेपटीला उघडं लोंबतं, त्याला कॅप लावा, ओलावा बहुतेक तिथूनच आत जातो. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांनी तरी राउटर आणि रेकॉर्डर तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नये, ज्या दिवशी कॅमेऱ्याची सगळ्यात जास्त गरज त्याच दिवशी तो जातो.

लांबच्या कॅमेऱ्यासाठी लोक रिपीटर घेतात. स्वस्त रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच रेडिओवर, म्हणून स्पीड साधारण निम्मी होते. एका कॅमेऱ्याला चालून जातं, तीनला नाही. माझं स्पष्ट मत असं की भिंतीत पाइप टाकता येत असेल तर वायरच ओढा, लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालते आणि पीओईवाला कॅमेरा असेल तर त्याच वायरीतून पॉवरही जाते, अ‍ॅडॅप्टरचा प्रश्नच संपला. वायफाय जिथे वायर जात नाही तिथेच ठेवा.

आता कॅमेरे खूप असतील तर थोडा हिशोब करा. १०८०पी चा एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटवर चालवला तरी तासाला ९०० एमबी होतात, दिवसाला २१ जीबीच्या वर. असे चार कॅमेरे क्लाउडवर सतत रेकॉर्ड करत असतील तर तुमच्या प्लॅनचा अपलोड किती आहे ते बघावं लागेल, डाउनलोडचा मोठा आकडा इथे कामाचा नाही. अ‍ॅपमध्ये एच.२६५ (चित्र कमी डेटात बसवणारी पद्धत) असेल तर निवडा, फ्रेम सेकंदाला १५ करा, घराच्या दारासाठी तेवढं पुरतं. शेतावर सिमच्या राउटरवर कॅमेरा लावणाऱ्यांनी सतत रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर ठेवावं आणि नेट फक्त बघण्यापुरतं वापरावं.

आता नवीन राउटर आल्यावर सगळे कॅमेरे गेले हा प्रकार, कारण ह्यात सेटिंग आणि सुरक्षा दोन्ही एकत्र येतात आणि इथेच लोक चुकीचा मार्ग धरतात. फायबरवाला नवा डबा लावतो, नवं नाव, नवा पासवर्ड, आणि निघून जातो. फोन, टीव्ही सगळं जोडलं जातं, कॅमेरा काही केल्या जोडला जात नाही. मग कोणीतरी सांगतं की वायफायची सिक्युरिटी काढून टाक, ओपन कर, मग लागेल. लागतोही. आणि तसाच राहतो. कृपा करून हे करू नका, ओपन वायफायवर तुमच्या घराच्या आतलं चित्र फिरत असतं आणि खालच्या रस्त्यावरच्या कोणालाही तुमच्या नेटवर्कमध्ये येता येतं.

तो का लागत नाही त्याची कारणं अशी. एक म्हणजे बहुतेक वायफाय कॅमेरे फक्त २.४ वर चालतात आणि नव्या राउटरवर २.४ आणि ५ दोघांचं नाव एकच ठेवलेलं असतं, राउटर स्वतः ठरवतो कोणाला कुठे पाठवायचं, त्यात कॅमेऱ्याचा गोंधळ होतो आणि सेटअप करताना फोन ५ वर बसलेला असतो. राउटरच्या पानावर ही एकत्र करायची सेटिंग बंद करून दोघांना वेगळी नावं द्या. दुसरं म्हणजे नवा राउटर डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे वायफायच्या सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर असतो. डब्ल्यूपीए३ २०१८ ला आलं, त्यात पीएमएफ नावाची सुरक्षा सक्तीची असते, आणि जुन्या किंवा स्वस्त कॅमेऱ्यांना ती कळत नाही. त्यामुळे कॅमेऱ्याला नेटवर्क दिसतं, पासवर्ड बरोबर असतो, तरी तो आत घेतला जात नाही. इथे २.४ साठी डब्ल्यूपीए२ (त्याआधीची पद्धत) आणि एईएस (त्यातलं एन्क्रिप्शन) निवडा, पीएमएफ बंद नाहीतर ऐच्छिक ठेवा, आणि ५ वर फोन-लॅपटॉपसाठी डब्ल्यूपीए३ चालू राहू द्या. मिक्स मोडवर (डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र) काही कॅमेरे लागतात, काही लागून चार तासांनी पडतात, माझा अनुभव म्हणाल तर कॅमेऱ्याला शुद्ध डब्ल्यूपीए२-एईएसच द्यावं.

जुन्या कॅमेऱ्यांच्या पानावर ऑथेंटिकेशन आणि एन्क्रिप्शन असे दोन वेगळे खाने असतात आणि त्यात ओपन, शेअर्ड, डब्ल्यूईपी, टीकेआयपी असं बरंच काही निवडायला असतं. राउटरवर जे आहे तेच जसंच्या तसं इथे हवं, नाहीतर जुळणार नाही. डब्ल्यूईपी ही सगळ्यात जुनी पद्धत २००१ मध्येच फोडता येते हे सिद्ध झालं आणि आज ती काही मिनिटांत फुटते, ती निवडू नका. टीकेआयपी हे २००३ च्या डब्ल्यूपीएबरोबर आलेलं तात्पुरतं ठिगळ होतं, ते ठेवलं तर वायफायची स्पीडही ५४ मेगाबिटवर अडकते कारण त्यापुढचे वेग टीकेआयपीवर दिलेच जात नाहीत, म्हणजे चित्र अडकण्याचं एक कारण हेही. कॅमेरा डब्ल्यूपीए२ करतच नसेल इतका जुना असेल तर त्याला वायफायवर ठेवू नका, वायरने चालवा किंवा बदला.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. काही कॅमेऱ्यांना पासवर्डातली अवतरणचिन्हं, स्पेस, अँपरसँड असली चिन्हं पचत नाहीत, वायफायचं नाव देवनागरीत किंवा इमोजी टाकून ठेवलं असेल तर तेही. नाव साधं रोमन अक्षरात ठेवा, त्यात आडनाव आणि घर नंबर नको, आणि पासवर्ड लांब ठेवा, तीनचार असंबद्ध मराठी शब्द रोमनमध्ये जोडून मध्ये आकडे, लक्षात राहतो आणि कॅमेऱ्यालाही चालतो. आजोबांचा मोबाइल नंबर हा पासवर्ड नाही, तो सगळ्या पोळला पाठ असतो.

राउटर बदलताना एक सोय आहे, जुना पासवर्ड चांगला होता आणि तो गावभर वाटलेला नसेल तर नव्या राउटरवर २.४ ला तेच जुनं नाव आणि तोच पासवर्ड द्या, सगळे कॅमेरे आपोआप परत येतात, शिडी लावायला नको.

सेटअपच अडकत असेल तर फोनचा व्हीपीएन बंद करा, अ‍ॅपला लोकेशनची परवानगी द्या, ती नसेल तर अ‍ॅपला वायफायची नावं दिसत नाहीत. कॅमेरा स्वतःचं वायफाय तयार करून जोडून घेणारा असेल तर त्यावर नेट नसतं म्हणून फोन परत मोबाइल डेटावर उडी मारतो, तेव्हा सेटअपपुरता डेटा बंद करा. क्यूआर कोड दाखवताना ब्राइटनेस पूर्ण आणि फोन लेन्सपासून वीतभर, हळूहळू मागेपुढे. राउटरवर मॅक फिल्टर (यादीतल्याच उपकरणांना आत घेणारी सेटिंग) लावलेला असेल तर कॅमेऱ्याचा मॅक, म्हणजे उपकरणाचा ओळख नंबर, त्यात घाला. आणि डब्ल्यूपीएसचं बटण (राउटरवरचं, पासवर्ड न टाकता जोडणारं) वापरून जोडलंत तर जोडून झाल्यावर राउटरमधून डब्ल्यूपीएस बंदच करा, त्याच्या ८ आकडी पिनची पद्धत २०११ मध्ये उघडी पडली, जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत ती सापडते.

ज्या कॅमेऱ्याला लॅनचं तोंड आहे त्याचं वायफाय आधी वायरीवरूनच भरा, हाच भरवशाचा रस्ता. वायरने राउटरला जोडा, ब्राउझरमध्ये त्याचा आयपी टाकून पानावर जा, वायरलेसमध्ये स्कॅन करून आपलं नाव निवडा, सुरक्षा आणि पासवर्ड भरा, टेस्टचं बटण असेल तर ते दाबा, सेव्ह करा, मग वायर काढा. आणि इथे थांबा. वायर काढल्यावर तो जुना आयपी उघडत नाही म्हणून लोक म्हणतात वायफाय लागलंच नाही, पण वायरीचा मॅक वेगळा आणि वायफायचा मॅक वेगळा, त्यामुळे राउटरने वायफायला दुसराच आयपी दिलेला असतो. एकदोन मिनिटं थांबून राउटरच्या यादीत नवा आयपी शोधा. बरेच कॅमेरे वायर लावलेली असेपर्यंत वायफायकडे बघतही नाहीत, म्हणून वायर लावून वायफाय तपासू नका.

नवा आयपी सापडला की राउटरच्या डीएचसीपीमध्ये (आयपी वाटून देणारी सेटिंग) त्या वायफायच्या मॅकला तो आयपी राखून ठेवा. कॅमेऱ्याच्या आत जाऊन आकडे हाताने टाकण्यापेक्षा हे बरं, कारण हाताने १९२.१६८.१.२० टाकला आणि राउटरने तोच एखाद्या पाहुण्याच्या फोनला दिला की दोघांची मारामारी, पाहुणे आले की कॅमेरा जातो असा विचित्र प्रकार त्यातूनच होतो. रेकॉर्डरवर ऑनव्हिफने (वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची समाईक भाषा) कॅमेरा जोडलेला असेल तर आयपी राखणं अगदीच गरजेचं, आयपी बदलला की रेकॉर्डर त्याला जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो. तिथे पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा सांगत असेल तर दोन्हीकडचं घड्याळ बघा, ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये वेळही तपासली जाते. कॅमेरा १ जानेवारी १९७० दाखवत असेल तर त्याला वेळ मिळतच नाहीये, टाइमझोन अधिक ५:३० करा आणि एनटीपी (नेटवरून वेळ घेणं) चालू करा. पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली आणि त्यावर तारीख चुकीची असली तर किती त्रास होतो ते कोणावर येऊ नये.

आता कॅमेऱ्याचा स्वतःचा पासवर्ड, वायफायचा नाही, कॅमेऱ्याच्या पानाचा. तो कंपनीने दिलेला तसाच ठेवलेला असेल तर आज बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने नेटवर कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर) शोधून त्यांच्यावर साठेक तयार युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून बघितल्या, बस, एवढ्यावर लाखो उपकरणं त्याच्या ताब्यात गेली आणि २१ ऑक्टोबरला त्यांनी साइटच्या नावांवरून पत्ते सांगणाऱ्या डाइन (Dyn) ह्या कंपनीवर एकदम धडक मारली तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासनतास उघडत नव्हत्या. त्यातले कॅमेऱ्यांचे मालक साधी घरगुती माणसंच होती, त्यांना कळलंही नाही. आपला कॅमेरा रात्री विनाकारण स्लो होतोय, अपलोड भरलेला दिसतोय, तर हे पण डोक्यात ठेवा.

राउटरमधून यूपीएनपी बंद करा, ते चालू असेल तर कॅमेरा कोणाला न विचारता राउटरला स्वतःसाठी दार उघडायला सांगतो. पोर्ट फॉरवर्डिंगही, म्हणजे हाताने उघडलेली अशी दारं, काढून टाका, ८० आणि ५५४ नंबरची दारं बाहेर उघडी ठेवायची आज घरगुती कॅमेऱ्याला गरज नाही. बाहेरून दिसत नाही म्हणून कोणी पोर्ट उघडत बसला असेल तर आधी राउटरचा वॅन आयपी (नेट कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) बघा, तो १००.६४ ते १००.१२७ ह्यात सुरू होत असेल तर तुम्ही नेट कंपनीच्या सामायिक आयपीमागे आहात, पोर्ट उघडून काहीही होणार नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीच्या अ‍ॅपमधून बघा.

कॅमेऱ्यांना राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) ठेवा, म्हणजे कॅमेऱ्यात काही शिरलंच तर ते तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. फक्त रेकॉर्डर घरात असेल तर तो गेस्टवरच्या कॅमेऱ्याला बघू शकणार नाही, तेव्हा ही सोय अ‍ॅपवरच चालणाऱ्या कॅमेऱ्यांसाठीच. फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) महिन्या-दोन महिन्यांनी तपासा, २०१७ मध्ये खुद्द डब्ल्यूपीए२ मध्ये क्रॅक नावाची त्रुटी निघाली ती अपडेटनेच बुजली, ज्या कॅमेऱ्याला अपडेटच येत नाहीत तो विकत घेऊ नका. ९ एप्रिल २०२५ पासून सरकारने नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या निकषांवर तपासणी बंधनकारक केलीये, खरेदी करताना दुकानदाराला एसटीक्यूसीचं, म्हणजे ह्या सरकारी तपासणीच्या प्रमाणपत्राचं विचारा, न लाजता.

आणि हे मी प्रत्येक घरी तपासते, कॅमेरा कोणाच्या अकाउंटवर आहे? लावणारा मुलगा घाईत आपल्याच फोनवर सेटअप करून देतो आणि घरच्यांना शेअर करतो, म्हणजे मालक तो आणि तुम्ही पाहुणे. मनात काही वाईट नसेल त्याच्या, पण काका-काकू एकटे राहतात त्या घराचं चित्र परक्याच्या फोनवर का असावं? त्याला सांगून त्याच्या अ‍ॅपमधून कॅमेरा काढायला लावा, घरातल्या एकाच्या अकाउंटवर घ्या, त्यावर ओटीपीवालं दुहेरी लॉगिन चालू करा आणि बाकी भावंडांना पासवर्ड न सांगता शेअर करा. मावशी घरात एकट्या असतात तिथे हॉलचा कॅमेरा दिवसा प्रायव्हसी मोडवर टाका, त्यांना विचारून, त्यांच्या समोर.

एवढं सगळं करूनही एकच कॅमेरा जात असेल तर त्याला राउटरच्या शेजारी, नव्या अ‍ॅडॅप्टरवर दोन दिवस ठेवून बघा. तिथेही पडला तर कॅमेऱ्याचा रेडिओ गेलाय, वॉरंटीत द्या. तिथे टिकला तर जागा चुकीची आहे. आणि तो दुकानात देताना, विकताना किंवा कामवाल्या ताईंना देताना आधी अ‍ॅपमधून काढा, मग रीसेट करा, मेमरी कार्ड काढून घ्या. रीसेटची पिन टोचायची खरी वेळ ही, कारण तुमच्या वायफायचा पासवर्ड त्याच्या आत तसाच असतो.